शेतकरी कंपनीची वेबसाइट: सभासदाला स्वतःच्या फोनवर वापरता येईल अशी कशी करावी?

पांढरं_सोनं (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासद बहुतेक कपाशी, सोयाबीन आणि तूरवाले. आम्ही तूर-सोयाबीन गोळा करतो, चाळणी-ग्रेडिंग करून एकगठ्ठा विकतो आणि हंगामात बियाणं-खत आणतो. संचालक मंडळानं ठराव केला की कंपनीची वेबसाइट असावी. त्यातल्या त्यात कॉम्प्युटरशी माझा संबंध, म्हणून काम माझ्या गळ्यात.

दोघांकडून नमुने मागवले. पहिल्यानं लॅपटॉपवर दाखवलं: उघडल्याबरोबर पाच मोठे फोटो एकामागून एक सरकतात (ट्रॅक्टर, सूर्योदय, हसणारा शेतकरी वगैरे), वर लाल अक्षरात सरकती पट्टी, खाली अध्यक्षांचा फोटो आणि मनोगत, त्याच्याखाली किती लोकांनी भेट दिली त्याचा आकडा. दुसऱ्याचं अगदी साधं आहे. पांढरं पान, चार बटणं, एक फॉर्म. संचालकांना अर्थातच पहिलं आवडलं. मला दुसरं बरं वाटतं, पण "का" विचारलं तर मला नीट सांगता येत नाही.

सभासद आम्हाला फोन करून जे विचारतात ते एवढंच: आज भाव काय, खरेदी चालू आहे का, माल कुठे आणायचा, सभासद व्हायला काय लागतं. फोन बहुतेकांकडे साधे अँड्रॉइड, बरेच तर पोराचे जुने झालेले, काच तडकलेले. चांगली वेबसाइट म्हणजे नेमकं काय, ते बैठकीत पटवून देता येईल असं सांगा.

तिखट_रस्सा

अध्यक्षांचा फोटो काढला तर ठराव पास होईल का ते आधी पाहा 😀

सेतूवाला

भाऊ, ते सरकते फोटो, स्लायडर-फ्लायडर जाऊ द्या. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. माह्या दुकानात लोकं काऊन येतात ते सांगतो, त्यातूनच समजन वेबसाइट कशी नसावी ते. लोकाइले फोन येत नाही म्हणून येतात असं समजू नका. पोट्टे दिवसभर रील पाहून रायले, बुढे फवारणीचे व्हिडिओ पाहून रायले, पैसे पाठवून रायले. फक्त फॉर्म समोर आला का हात आखडते.

एकच रकाना घ्या, क्षेत्राचा. परवा एक काका आले. एका योजनेचा फॉर्म पोरानं घरीच भरला होता, पण शेवटी लाल अक्षरात "अवैध क्षेत्र" येऊन थांबत होता. काकाची जमीन तीन एकर. आपल्याइकडे कोणी हेक्टरमधी बोलते का बाप्पा? पोरानं रकान्यात ३ टाकलं. रकान्याच्या वर बारीक अक्षरात हेक्टर लिहेल होतं. तीन हेक्टर म्हणजे झाले जवळपास साडेसात एकर! सातबाऱ्यावर काकाचं क्षेत्र १.२० हाय, म्हणजे १ हेक्टर २० आर. मंग फॉर्म कसा घेईन?

आन् याच्यातबी एक गोम हाय. कोणाचं क्षेत्र १ हेक्टर ५ आर असलं तर ते लिहा लागते १.०५. लोकं लिहितात १.५. आता १.५ म्हणजे झाले १ हेक्टर ५० आर. टिंबाच्या मागचं एक शून्य गेलं आन् ४५ आर जमीन वाढली, एक एकराच्या वर. काहून झालं? कारण बनवणाऱ्यानं एकच डबा देल्ला. त्यानं हेक्टरचा एक आन् आरचा एक असे दोन डबे देले असते, आन् खाली आपोआप "म्हणजे अंदाजे २.९७ एकर" असं दाखवलं असतं, तर काका घरूनच म्हणाले असते का हो बरोबर हाय, आपली तीन एकरच हाय. तालुक्याले याचं काम नव्हतं. एष्टीचं भाडं वाचलं असतं, माही फी वाचली असती (मले नुकसान, पण खरं ते खरं).

बाकीचं भरभर सांगतो. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडते आन् १९५८ पर्यंत मागं मागं बोट सरकवा लागते. फोटो ५० केबीच्या आत पाह्यजे आन् फोनचा फोटो निघते तीन-चार एमबीचा. कॅप्चात (चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकायची थो डबा) शून्य हाय का ओ हाय ते ब्रह्मदेवालेबी समजत नाही. ओटीपी जाते पुण्याले पोराच्या फोनवर, पोरगं कंपनीत शिफ्टमधी, त्याचा फोन लागेपर्यंत पान म्हणते "तुमचे सत्र संपले", आन् भरलेलं सारं साफ.

तुमच्या दोन नमुन्यांत कोणता चांगला ते असं पाहा: कोणत्या नमुन्याच्या फॉर्मासाठी माणूस माह्याकडे येणार नाही?

मोर्शीची_संत्री

सेतूवाला भाऊंशी सहमत, पण दिसण्याकडे अगदीच पाठ फिरवू नका. आम्ही संत्रा विकताना पाहिलंय, बाहेरचा व्यापारी आधी पानावर नजर टाकतो आणि मग फोन करतो. विस्कटलेलं, पाच रंगांचं पान असलं की त्याला शंका येते, हे लोक खरे आहेत का? फसवणुकीच्या लिंका इतक्या फिरतात की सभासदही आता बिचकतात. नीटनेटकेपणाचा विश्वासाशी संबंध आहे. पत्ता, नोंदणी क्रमांक, गोदामाचा खरा फोटो, फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव, हे असू द्या. इंटरनेटवरून उचललेला हसरा शेतकरी नको. तो कुठल्या देशातला आहे ते आपल्या माणसाला दिसताक्षणी कळतं!

कोथरूडचा_वऱ्हाडी

मूळ गाव दर्यापूर तालुक्यातलं, पोटापाण्यासाठी पुण्यात हाच धंदा करतो. बैठकीत सांगायला आकडे देतो.

आधी स्लायडर. चांगल्या कॅमेऱ्याचा एक फोटो सहज २ एमबीचा. पाच फोटो म्हणजे १० एमबी. गावात रेंज खाली-वर होऊन वेग १ एमबीपीएसवर आला (एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, आणि ८ बिटांचा एक बाइट), तर १० एमबी उतरायला ८० सेकंद लागतात. आणि हजार शब्दांचा मराठी मजकूर? युनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारी पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह सहसा ३ बाइट घेतं, तरी सगळा मिळून वीस केबीच्या आसपास. तो त्याच रेंजवर डोळ्याचं पातं लवेपर्यंत येतो. सभासदाला हवा असतो तुरीचा भाव, म्हणजे चार आकडे. दुकानाच्या दारातच पोती रचून ठेवावीत आणि गिऱ्हाइकानं ती ओलांडून आत यावं, तसा हा स्लायडर.

माणूस किती थांबतो याचा अभ्यास जुना आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच कॉम्प्युटरच्या प्रतिसादाच्या वेळेवर लिहिलं होतं, पुढे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तेच वेबच्या पिढीसाठी मांडलं: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर लगेच आल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. गूगलचा आजचा मापदंड असा की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. दुसराही एक मापदंड आहे, पान वाचता वाचता उड्या किती मारतं त्याचा. तुम्ही बटणावर बोट ठेवायला जाता, तेवढ्यात वर एखादा फोटो उतरतो, बटण खाली सरकतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. फोटोची लांबी-रुंदी आधी लिहून ठेवली तर असं होत नाही. बनवणाऱ्याला हे करायला काही मिनिटं लागतात, म्हणून हे राहिलं असेल तर त्याला जरूर विचारा.

दुसरं, रंग. हल्ली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची फॅशन आहे. एसीत बसून मॉनिटरवर छान दिसतं. मे महिन्यात, दुपारी, धुऱ्यावर उभं राहून वाचून दाखवा म्हणावं. वेबचे मानक ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सांगते की साध्या आकाराचं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ हवं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. हे मोजायची फुकट साधनं आहेत, संचालकांसमोर मोजून दाखवता येतं. "मला आवडलं, तुला आवडलं" हा वाद तिथेच संपतो.

तिसरं, त्या पहिल्या माणसाला म्हणा, लॅपटॉप बंद कर आणि माझ्या फोनवर उघडून दाखव. एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडलं जावं ही कल्पना ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली, आज ती नवी राहिलेली नाही. पान आडवं सरकवावं लागत असेल तर तिथेच नापास.

@सेतूवाला: जन्मतारखेबद्दल शंभर टक्के. ब्रिटिश सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळावर जन्मतारखेला कॅलेंडर देत नाहीत. दिवस, महिना, वर्ष असे तीन डबे, आकडे टाइप करा. पाठ असलेली गोष्ट शोधायला लावू नये, एवढाच त्यामागचा विचार. कॅलेंडर पुढच्या तारखेसाठी बरं, "माल कोणत्या दिवशी आणणार" वगैरे. आणि फोटो ब्राउझरमध्येच लहान करून वर चढवता येतो, शेतकऱ्याला केबी मोजायला लावायची गरजच नाही.

झाडीपट्टी

मी भंडाऱ्याकडचा, धानवाला. एक विचारू का जी? एवढा खटाटोप कशाला? आमच्या गटाचं सगळं व्हॉट्सॲपवर चालते. भाव टाकला, सगळ्याइले गेला. वेबसाइट कोण उघडते?

पांढरं_सोनं

@झाडीपट्टी: प्रश्न रास्त आहे. आमचाही ग्रुप आहे. पण सकाळी टाकलेला भाव "शुभ सकाळ" आणि वाढदिवसांच्या खाली गाडला जातो, मग तोच माणूस मला फोन करतो. नवीन सभासदाला जुनं काहीच दिसत नाही. आणि ग्रुपमध्ये फिरणारा भाव आजचा की परवाचा ते कळत नाही, कोणीतरी जुना फोटो पुढे ढकलतो आणि शेतकरी माल घेऊन गोदामावर हजर!

कोथरूडचा_वऱ्हाडी

दोन्ही ठेवा. ग्रुपमध्ये लिंक टाका, मजकूर पानावर. त्यासाठी एक अट: प्रत्येक सूचनेला स्वतःचा पत्ता हवा. बऱ्याच ठिकाणी सूचना क्रमांक अमुक पाहायची तर मुखपृष्ठावर जा, तिसऱ्या मेनूत जा, तिथून यादी उघडा असं असतं. ती लिंक कोणाला पाठवताच येत नाही. भावाचं पान एकच ठेवा, पत्ता कधी बदलू नका, आणि आकड्यापेक्षा ठळक तारीख-वेळ लिहा. मग जुना फोटो फिरला तरी लोक लिंक उघडून खात्री करतील.

ॲप काढायचं कोणी सुचवलं तर सध्या नको म्हणा. फोन आधीच भरलेले असतात आणि ॲप उतरवून घ्यायला लावणं ही पहिलीच पायरी अवघड. लिंकवर बोट ठेवलं की पान उघडतं.

कानाने_वाचतो

वर्धा जिल्ह्यातून. मला दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतो, फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए (दुसरं फुकट आहे, २००६ पासून). धागा आवडला म्हणून लिहितो.

तुमच्या पहिल्या नमुन्याचं माझ्या कानाला काय ऐकू येईल सांगतो. "चित्र. चित्र. चित्र. बटण. बटण." बनवणाऱ्यानं चित्राला वर्णन आणि बटणाला नाव दिलेलं नसलं की हेच. सरकती पट्टी तर फारच ताप. डब्ल्यूथ्रीसीच्या मानकांत नियम आहे की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारं काही मजकुराशेजारी असेल तर ते थांबवायची सोय हवी. ज्या खुणेनं (टॅगनं) ती पट्टी सरकते ती एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेतून बाद होऊनही बरीच वर्षं झाली.

मराठी पानाला आणखी एक गोष्ट लागते. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असा कोड लिहायचा असतो, एमआर अशी दोन अक्षरं. बरेच लोक जुन्या साच्यात इंग्रजीचा कोड तसाच ठेवतात. मग वाचक सॉफ्टवेअर मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लावतं, आणि काही वेळा तर देवनागरी शब्दच गाळून पुढे जातं. दोन अक्षरांचं काम.

शीर्षकं ही खरी शीर्षकं असू द्या, नुसती ठळक मोठी अक्षरं नकोत. मी शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत वाचतो, तुम्ही डोळ्यानं पान चाळता ना तसंच. आणि सूचनापत्र सही-शिक्क्यासह स्कॅन करून त्याचं चित्र लटकवू नका. माझ्यासाठी ते कोरं पान. शोधणाऱ्यालाही सापडत नाही. स्कॅन द्यायचाच असेल तर वर मजकूर टाइप करून द्या.

कॅप्चाबद्दल सेतूवाला बोललेच. २०२३ मध्ये मानकांची २.२ ही आवृत्ती आली, तिच्यात असं आलंय की लॉगिन करताना माणसाला कोडी सोडवायला किंवा काही पाठ करायला लावू नका, दुसरा मार्ग द्या. पासवर्ड चिकटवता येऊ द्या. एकाच अर्जात तीच माहिती पुन्हा पुन्हा विचारू नका. हे आमच्यासाठी म्हणून लिहिलंय, पण फायदा कोणाला नाही? दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तुमची कंपनी सरकारी नाही, तरी त्या सूचना फुकट वाचायला मिळतात.

सेतूवाला

@कानाने_वाचतो दादा, हे काहीच माहीत नव्हतं बाप्पा. मुजरा.

गुर्जी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दरवर्षी विद्यार्थ्यांची माहिती कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर भरतो, म्हणून दोन विचित्र अनुभव. कोणी तज्ज्ञ असेल तर उलगडा करा.

एक, मराठी कळफलकावरून मोबाईल नंबर ९८... असा देवनागरी आकड्यांत टाकला तर "अमान्य". तोच इंग्रजी आकड्यांत चालतो. पान मराठी, रकान्याचं नाव मराठी आणि आकडा मराठी चालत नाही! एका ठिकाणी तर मुलाचं नाव देवनागरीत टाकलं तर "फक्त अक्षरे टाका" असं उत्तर. "किशोर" मध्ये अक्षरं नाहीत तर काय आहे?

दोन, यादीत "शेतकऱ्यांसाठी" शोधलं तर काही सापडत नाही, आणि समोर डोळ्यांना तो शब्द दिसतोय.

कोथरूडचा_वऱ्हाडी

गुर्जी, दोन्हींचा उलगडा आहे आणि दोन्ही फुकटात दुरुस्त होतात, म्हणून जास्त राग येतो.

युनिकोडमध्ये "क" हे अक्षर आणि "ि" ही मात्रा वेगळ्या गटात मोडतात. बनवणाऱ्यानं "फक्त अक्षर गट चालेल" असा नियम लिहिला की "कमल" पास होतं आणि "किशोर" नापास. त्यानं तपासताना आपलं नाव इंग्रजीत टाकून पाहिलेलं असतं. नियमात मात्रांचा गट जोडला की झालं. आकड्यांचंही तेच, ० ते ९ आणि इंग्रजी शून्य ते नऊ यांचे कोड वेगळे. टाकणाऱ्यानं कोणतेही टाको, आत घेताना एका ओळीच्या कोडनं बदलून घ्यायचे.

"शेतकऱ्यां"ची गंमत आणखी आतली. हा अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत ऱ ला स्वतःचा वेगळा कोड आहे आणि त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादी एकानं एका पद्धतीनं टाइप केली, तुम्ही दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, निकाल शून्य. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एका पद्धतीत आणून घ्यावा लागतो. शेतकऱ्यांच्या वेबसाइटवर शेतकरीच सापडत नाहीत ते असे. आमचं वऱ्हाडही असंच हरवतं.

@पांढरं_सोनं, वेंडरला विचारायचा प्रश्न मिळाला: फॉर्ममध्ये नाव देवनागरीत टाकून दाखव, नंबर मराठी आकड्यांत टाकून दाखव, आणि शोधाच्या डब्यात "शेतकऱ्यांसाठी" दोन्ही प्रकारे शोधून दाखव.

अजून एक, कंपनीचं जुनं साहित्य ऑपरेटरकडून टाइप करून घेतलेलं असेल तर तो फॉन्ट कोणता ते पाहा. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे आकार बसवायचे. ते तसंच वेबवर चढवलं तर फोनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, रूपांतर करणारी साधनंही आहेत. रूपांतरानंतर मात्र एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं कुठेतरी घसरतातच. आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवणारी इंग्रजीतली सजावट मराठीला लावू देऊ नका, शिरोरेघ तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

तिखट_रस्सा

एवढं सगळं वाचून वेंडर पळून जाईल भाऊ.

मोर्शीची_संत्री

पळाला तर बरंच की. स्वस्तात सुटलात.

मेनूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. "आमच्याविषयी, दृष्टिकोन, ध्येय, संचालक मंडळ, गॅलरी, संपर्क" हा साचा सगळीकडे तोच. ही कार्यालयाच्या फायलींची मांडणी झाली. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये सभासदांचे चार प्रश्न लिहिलेत: आजचा भाव, खरेदी चालू आहे का, माल कुठे आणायचा, सभासद कसं व्हायचं. तीच चार बटणं, त्याच शब्दांत. बटण अंगठ्यानं दाबता येईल एवढं मोठं, आणि दोन बटणांत अंतर, तडकलेल्या काचेवर बोट नेमकं पडत नाही. फोन नंबर असा ठेवा की बोट लावलं की थेट कॉल लागेल. अध्यक्षांचं मनोगत आतल्या पानावर राहू द्या, कोणी नाही म्हणत नाही.

कोथरूडचा_वऱ्हाडी

+१. बटणाच्या आकाराचं मापही आहे. त्याच २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल, ॲपल स्वतःच्या फोनसाठी ४४ सांगते. पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियमच आहे, लक्ष्य लहान आणि लांब असलं की बोट पोचायला वेळ जास्त लागतो. आपण ४८ धरू, रुमणं धरलेल्या हाताचा अंगठा आहे तो.

पांढरं_सोनं

बापरे, भरपूर मिळालं. बैठकीत दोन्ही नमुने अध्यक्षांच्याच फोनवर उघडून दाखवायचं ठरवलंय. पण पूर्ण बनवून घ्यायच्या आधी तपासायचं कसं? पैसे देऊन झाल्यावर कळलं तर उपयोग काय.

सेतूवाला

कागदावर पान काढा भाऊ. बटणं काढा, रकाने काढा. गोदामावर माल घेऊन येणाऱ्याले बसवा आन् म्हणा, "काका, तुम्हाले आजचा तुरीचा भाव पाहायचा हाय, कोठी बोट ठेवसान?" मंग गप बसा. खरं कठीण काम हेच हाय. आपलं तोंड आवरत नाही, लगेच "इथं दाबा ना" म्हणतो. मधात बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. थो जिथं अडकला तिथं टीप करा. अडकला तर पान चुकलं, काका नाही.

कोथरूडचा_वऱ्हाडी

सेतूवाल्यांनी जे सांगितलं त्याला आमच्या धंद्यात लोक मोठी फी लावतात. नील्सन यांनी २००० मध्ये लिहिलं होतं की पाच जणांसोबत तपासलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. मग दुरुस्त करा आणि पुन्हा दुसऱ्या पाच जणांसोबत. पण ते पाच एकसारखे नकोत. एक चष्मा विसरून आलेले काका, एखादी ताई जिच्या नावावर जमीन आहे पण फोन नवऱ्याकडे असतो, एक कॉलेजातलं पोरगं, एक ज्याला वाचायला वेळ लागतो. आणि शक्य झालं तर @कानाने_वाचतो यांच्यासारखं कोणी.

चुकीच्या संदेशांची यादी वेंडरकडून लेखी मागा. "अवैध इनपुट" हा संदेश नाही. "मोबाईल नंबर १० आकडी लागतो, तुमचे ९ झाले" हा संदेश. चूक ज्या रकान्यात, त्याच्याच शेजारी दिसावी आणि बाकीचं भरलेलं पुसलं जाऊ नये. नुसता रकाना लाल करून भागत नाही, लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं असतात.

कानाने_वाचतो

लिंक पाठवा, ऐकून सांगतो. फी म्हणून तुरीची डाळ चालेल.

झाडीपट्टी

पटलं जी. पण माझा एक प्रश्न राहिलाच. डोमेन कोणाच्या नावावर राहील? आमच्या इकडच्या एका संस्थेचं बनवणाऱ्याच्याच नावावर होतं. त्याचं-यांचं वाजलं, पत्ता गेला. छापलेल्या पावत्यांवर तोच पत्ता.

कोथरूडचा_वऱ्हाडी

फार महत्त्वाचं. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर, कंपनीच्या खात्यातून पैसे. होस्टिंगचा पासवर्ड सचिवाकडे. नूतनीकरणाची तारीख लेखापरीक्षणाच्या यादीत टाकून ठेवा म्हणजे विसरणार नाही. करारात लिहा की मजकूर आणि कोडची प्रत कंपनीला मिळेल.

आणि भाव रोज कोण टाकणार ते वेबसाइटच्या आधी ठरवा. आठवडाभर जुना भाव असलेलं पान लोक दुसऱ्यांदा उघडत नाहीत.

पांढरं_सोनं

सचिवांच्या मुलीला विचारलं. ती बी.एस्सी. ॲग्रीला आहे, गोदामाचा हिशेब तीच पाहते. म्हणाली, लॅपटॉप उघडावा लागणार असेल तर जमणार नाही, फोनवरून दोन रकाने भरून होत असेल तर रोज टाकते. खरेदी बंद असलेल्या दिवशी काय टाकायचं, असंही तिनं विचारलंय.

कोथरूडचा_वऱ्हाडी

फोनवरून होतं, तिच्यासाठी वेगळं छोटं पान करायला सांगा: पीक, भाव, "खरेदी चालू / बंद", बस. तारीख आपोआप पडू द्या. बंद असेल त्या दिवशी भावाच्या जागी "आज खरेदी बंद" आणि पुढची तारीख. दोन दिवसांत काहीच टाकलं नाही तर पानानं आपणहून "हा भाव जुना आहे, फोन करून विचारा" असं दाखवावं आणि खाली नंबर द्यावा. वेंडरला हे लेखी द्या, तोंडी नको.

सेतूवाला

आन् थो नंबर उचलणारा माणूसबी ठरवा. दुपारी एक ते तीन कोणीच उचलत नाही आपल्याइकडे.